गिअर टाकणे आणि गिअर पडणे

गिअरबद्दल बोलताना मराठी चालक दोन क्रियापदे वापरतो. ‘गिअर टाकला’ असे तो म्हणतो, आणि ‘गिअर पडला’ किंवा ‘गिअर पडत नाही’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात कर्ता चालक आहे. दुसऱ्यात गिअर स्वतःच कर्ता झाला आहे. व्याकरणाच्या तासाला हा भेद सकर्मक-अकर्मक म्हणून चटकन निकालात निघेल. परंतु हाताने गिअर बदलण्याचा सबंध अनुभव या दोन क्रियापदांत सामावलेला आहे: टाकणे चालकाच्या हाती, पडणे यंत्राच्या संमतीवर. वेगवान गाड्यांच्या जगात ‘शॉर्ट शिफ्टर’ या नावाने जे अपग्रेड विकले जाते त्याच्याशी आमचे भांडण आहे, आणि ते या दुसऱ्या क्रियापदाच्या बाजूने आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी गिअरच्या दांड्याची चिंता का वाहावी, असा प्रश्न येईल. आमचे उत्तर असे की ती त्यांनी वाहिली नाही म्हणूनच या अनुभवाची भाषा सर्वस्वी विक्रेत्यांच्या हाती गेली. समीक्षेत यंत्र येते ते बहुधा प्रतीक म्हणून. रोलाँ बार्थ यांचा सिट्रोएन डीएस या गाडीवरील निबंध अनेकांना परिचित असेल. ही गाडी १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात प्रथम मांडली गेली आणि निबंध १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या संग्रहात आला. दृष्टी जादू करते आणि स्पर्श ती उतरवतो, अशा आशयाचे एक मर्मग्राही निरीक्षण त्यात आहे. पण तो स्पर्श कोणाचा? प्रदर्शनात पत्रा चाचपणाऱ्या, आसनावर बसून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचा. चालत्या गाडीत दांड्यावर असलेल्या हाताला काय कळते, याकडे तो निबंध जात नाही. बार्थ यांना तो दोष देण्याचे कारण नाही. त्यांचा विषय वेगळा होता. दोष त्यांच्यामागून आलेल्या समीक्षेचा आहे, जी अजून त्या प्रदर्शनाच्या दालनातून बाहेर पडलेली नाही.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. गिअरचा दांडा ही शाळेत शिकलेली साधी तरफ आहे. टेकूच्या वर हाताचा भाग, खाली गिअरबॉक्सकडे जाणारा भाग. समजुतीसाठी आकडे घेऊ. टेकूच्या वर २०० मिलिमीटर आणि खाली ४० मिलिमीटर असतील तर प्रमाण पाचास एक. गिअरबॉक्सला खालच्या टोकाची १२ मिलिमीटर हालचाल हवी असेल तर हाताला ६० मिलिमीटर जावे लागेल. शॉर्ट शिफ्टरमध्ये बहुधा टेकूखालचा भाग लांब केलेला असतो. तो ५० मिलिमीटर केला की प्रमाण चारास एक होते आणि हाताची वाट ४८ मिलिमीटरवर येते. एक पंचमांश अंतर वाचले. मात्र तरफेचा हिशेब उधारी ठेवत नाही: तेच काम करण्यासाठी आता हाताला सव्वापट जोर लावावा लागतो. जाहिरातीत अंतराची बचत ठळक असते. जोराचा उल्लेख ‘घट्ट, दमदार अनुभव’ अशा विशेषणांत विरघळलेला असतो.

विक्रेत्याचा दावा असा की यामुळे गिअर लवकर बदलतो. हाताचा प्रवास कमी झाला हे खरे. परंतु गिअर बदलण्याच्या क्रियेतला नाजूक काळ हाताच्या प्रवासाचा नसतो. जो गिअर घ्यायचा तो आणि ज्या शाफ्टशी तो जोडायचा तो शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. त्यांची गती एक होईपर्यंत दात दातांत बसू शकत नाहीत. ही गती जुळवण्याचे काम सिंक्रोमेशचे. कॅडिलॅकने ते १९२८ मध्ये प्रथम बाजारात आणले. त्यातील कडे घर्षणाने दोन्ही गती समान करते आणि तोवर पुढची वाट अडवून धरते. ही अडवणूक म्हणजेच संमतीची वेळ. ती किती लागेल हे गतीतला फरक, तेल, घर्षणाचा पृष्ठभाग आणि कड्यावर येणारा दाब यांवर ठरते. दांडा आखूड केल्याने यांतली एकच गोष्ट बदलते, आणि तीही उलट दिशेने: हाताचा जोर तेवढाच राहिला तर कड्यावरचा दाब कमी होतो. दाब टिकवायचा तर हात अधिक रेटावा लागतो. म्हणजे विकले जाते ते अपग्रेड ‘टाकण्या’चे आहे. ‘पडण्या’शी त्याने काहीही बोलणे केलेले नाही.

याचे बोलके उदाहरण म्हणजे जुनी पोर्शे ९११. १९७२ ते १९८६ या मॉडेल-वर्षांतील बहुतेक ९११ गाड्यांत ‘९१५’ नावाचा गिअरबॉक्स होता. इंजिन मागे, गिअरबॉक्स मागे, दांडा पुढे. त्यामुळे दांड्यापासून एक लांब सळई गाडीच्या मधल्या बोगद्यातून मागे जाते आणि एका जोडाने गिअरबॉक्सला मिळते. त्या जोडात आणि दांड्याच्या बुडाशी प्लॅस्टिकचे लहान बुश असतात. वर्षानुवर्षांच्या वापराने ते झिजतात आणि दांडा खुळखुळा होतो. दुसरा गिअर नेमका कुठे आहे हे हाताला कळेनासे होते. त्यातच ९१५ मध्ये पोर्शेच्या स्वतःच्या पद्धतीचा सिंक्रो आहे, ज्याला घाई मुळीच सोसत नाही. दोन गिअरांच्या मधे हात क्षणभर थांबवा, असे या गाडीचे जाणकार सांगत आले आहेत. १९८७ पासून आलेल्या जी-५० या गिअरबॉक्समध्ये कंपनीने सिंक्रोची पद्धतच बदलली.

अशा खुळखुळ्या दांड्याला अनेक मालकांनी शोधलेला उपाय म्हणजे शॉर्ट शिफ्टर. परिणाम काय होतो? झिजलेले बुश झिजलेलेच राहतात. प्रवास आखूड झाल्याने घोटाळा कमी अंतरात होतो, एवढेच. वर वाढलेला जोर आणि वाढलेली घाई त्या घाईला न सोसणाऱ्या सिंक्रोवर पडते. उलट नुसते बुश बदलले, सळईचा जोड नीट लावला, योग्य तेल भरले, तर दांडा पूर्वीइतकाच लांब राहूनही स्पष्ट बोलू लागतो. हा खर्च किरकोळ आहे. पण त्याला आपण ‘दुरुस्ती’ म्हणतो, आणि दुरुस्तीला मिरवण्याची सोय नाही.

येथे शब्दांचे राजकारण सुरू होते. ‘दुरुस्त’ म्हणजे नीट, बरोबर. जी वस्तू जशी असायला हवी तशी ती करणे, इतका उंच अर्थ या शब्दात असून तो गॅरेजच्या दारातच राहिला. ‘सुधारणा’ या शब्दाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे; आगरकरांनी १८८८ मध्ये आपल्या पत्राचे नावच ‘सुधारक’ ठेवले होते. त्या शब्दात काय सुधारायचे आणि का, हे सांगण्याची जबाबदारी होती. ‘अपग्रेड’वर अशी कोणतीच जबाबदारी नाही. बुश बदलणे आणि दांडा कापणे ही परस्परविरुद्ध कामे त्या एकाच शब्दात सुखाने नांदतात. एकाने हाताला मिळणारी बातमी स्वच्छ होते, दुसऱ्याने ती ऐकण्याचा अवधी कमी होतो.

वेगाचाच प्रश्न असेल तर तो कधीच निकालात निघाला आहे. फेरारीने १९९७ मध्ये एफ३५५ या गाडीत सुकाणूमागच्या पाकळ्यांनी गिअर बदलण्याची सोय दिली. पुढे दोन क्लचांचे गिअरबॉक्स आले आणि मानवी हात स्पर्धेतून बाद झाला. पोर्शेने २०१३ च्या ९११ जीटी३ मधून हाताचा दांडा काढूनच टाकला. ट्रॅकवर तो हळू पडतो, हे कारण प्रामाणिक होते. तरीही २०१६ मध्ये हाताच्या दांड्याची ९११ आर ही मर्यादित आवृत्ती ९९१ गाड्यांपुरती काढावी लागली आणि २०१७ मध्ये जीटी३ मध्येही दांडा पर्याय म्हणून परतला. ज्यांनी तो मागितला त्यांना आपण हळू जाऊ हे ठाऊक होते. तेव्हा आज दांड्याचे समर्थन वेगाच्या नावाने करणे ही शुद्ध फसवणूक आहे.

आमच्यावर दुसऱ्या बाजूनेही आक्षेप येईल. हा सारा सधन पुरुषांचा स्मरणरंजनाचा खेळ आहे, असे सांस्कृतिक अभ्यासाचे मित्र म्हणतील. त्यातले तथ्य आम्ही नाकारत नाही. ९११ आर पुढे गुंतवणुकीची वस्तू झाली आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकली गेली. पण वस्तू श्रीमंताची आहे म्हणून तिच्यातले ज्ञानही श्रीमंताचेच, हा निष्कर्ष घाईचा आहे. ‘गिअर पडत नाही’ हे वाक्य पोर्शेच्या मालकाने घडवलेले नाही. ते ट्रक, टेम्पो आणि एसटी चालवणाऱ्यांच्या तोंडचे आहे. तळहाताने यंत्राची अवस्था ओळखणे हे श्रमाचे ज्ञान आहे. छंदवाल्यांनी ते उसने घेतले. जी समीक्षा गाडीत केवळ ग्राहक पाहते ती या श्रमिकालाही अदृश्य करते, आणि वर स्वतःला पुरोगामी म्हणवते.

मग सिंक्रोमेशही अपग्रेडच नव्हता काय? त्यापूर्वी इंजिनचा आवाज ऐकून, दोनदा क्लच दाबून चालकच गती जुळवत असे. ते कौशल्यही गेलेच की! आक्षेप रास्त आहे. आमचा भेद कष्ट आणि सोय यांच्यातला नाही. सिंक्रोमेशने चुकीची शिक्षा सौम्य केली, पण बातमी तोडली नाही. घाई केली तर दांडा आजही हाताला अडवतो. कसोटी इतकीच की बदलानंतर यंत्राचे म्हणणे हातापर्यंत पोहोचते की नाही. ह्युंदाईच्या २०२३ च्या आयोनिक ५ एन या विजेच्या गाडीकडे पाहा. तिच्यात आठ गिअर नाहीतच. पण पाकळी ओढली की मोटरचा जोर क्षणभर तोडून गिअर बदलल्याचा झटका दिला जातो, स्पीकरमधून आवाज येतो, वेळेवर बदल केला नाही तर इंजिन अडल्याची नक्कलही होते. कारागिरी म्हणून ती दाद देण्याजोगी आहे. मात्र तेथे टाकणे आहे आणि पडणे नाही, कारण पडायला काही अस्तित्वातच नाही. अनुभव हीच विक्रीची वस्तू मानली की त्या वाटेचा शेवट इथेच व्हायचा.

आता आपल्या घरात पाहू. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखनिकांच्या हातून साचलेले अपपाठ त्यांनी दूर केले. वाचकाचे काम लवकर आटपावे म्हणून ग्रंथ आखूड केला नाही. पाठचिकित्सेचे काम बुश बदलण्याचे आहे. वाचक आणि संहिता यांच्यामधला खुळखुळाट जावा, आणि मग ओवीने जेथे अडवायचे तेथे वाचकाला अडवावे. आज वर्गात काय चालते? कादंबरीऐवजी तिचे गाइड, गाइडऐवजी आशयसूत्रांचे पान, आणि आता यंत्राकडून क्षणात काढून घेतलेला सारांश. हे सगळे ‘अध्यापनाचे आधुनिकीकरण’ म्हणून अहवालांत नोंदले जाते. विद्यार्थ्याला संहिता कळत नसेल तर कदाचित बुश झिजले असतील: शब्दार्थ ठाऊक नसतील, आवृत्ती सदोष असेल, संदर्भ हरवला असेल. ते बदलणे हे शिक्षकाचे काम. त्याऐवजी आपण वाट आखूड करतो, आणि न जुळलेल्या गतीवर जोर देऊन परीक्षेपुरता गिअर रेटतो. दात घासल्याचा आवाज उत्तरपत्रिकांतून ऐकू येतोच.

म्हणून शॉर्ट शिफ्टर बसवू पाहणाऱ्यास आमचे सांगणे एवढेच: आधी गाडीखाली जाऊन बुश तपासा. ते नवे घातल्यावरही दांडा लांब वाटला तर खुशाल आखूड करा. पण त्याला आवड म्हणा, प्रगती म्हणू नका. आणि जे शिकवतात त्यांनी धडा संपवून पुढे जाण्याआधी, आपण टाकलेला गिअर पडला की नाही याची खात्री करून घ्यावी.