हाल्लेचा प्राध्यापक आणि तंजावरचे भोसले

१/ भोसले म्हटले की नागपूर-कळमेश्वरकडील माणसाला प्रथम रघूजीराजे आठवतात. व्यंकोजीराजांनी स्थापिलेली तंजावरची गादी क्वचितच आठवते. त्या गादीवरील सरफोजी दुसरे यांच्या विद्याव्यासंगाचा एक धागा जर्मनीतील ल्यूथरपंथी प्राध्यापकापर्यंत जातो.

२/ ऑगस्ट हेर्मान फ्रांके यांचा जन्म १६६३ चा. धर्म आचरणात उतरला पाहिजे, या आग्रहापायी त्यांना लाइपझिग आणि एरफुर्ट सोडावे लागले. १६९२ मध्ये ते हाल्लेला आले. तेथील विद्यापीठात प्रथम ग्रीक व पौर्वात्य भाषांचे, १६९८ पासून धर्मशास्त्राचे प्राध्यापक झाले.

३/ १६९५ मध्ये दानपेटीत ४ थालर १६ ग्रोशन सापडले. तेवढ्या भांडवलावर त्यांनी गरीब मुलांची शाळा काढली. पुढे अनाथालय, छापखाना, औषधशाळा आणि निसर्गवस्तूंचा संग्रह उभा राहिला. १७२७ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या शाळांत दोन हजारांवर मुले शिकत होती.

४/ डेन्मार्कच्या राजाने धाडलेले आणि १७०६ मध्ये तरंगमबाडीस पोहोचलेले त्सीगेनबाल्ग हाल्लेतच शिकलेले. त्याच परंपरेतील श्वार्ट्झ १७५० मध्ये आले. तुळजाराजांनी १७८७ मध्ये निधनापूर्वी दत्तकपुत्र सरफोजींना त्यांच्याच हाती सोपविले.

५/ १७९८ मध्ये गादीवर आलेल्या सरफोजींनी काय केले? मोफत शाळा काढल्या, देवनागरी छापखाना घातला, १८०६ मध्ये इसापनीती मराठीत छापविली, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग चालविले, शास्त्रीय उपकरणे जमविली. हाल्लेच्या संस्थांशी असलेले हे साम्य योगायोगाचे वाटत नाही.

६/ फ्रांकेंच्या साऱ्या उद्योगामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ त्यांनी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करविले. शिवभक्तीही सोडली नाही. गुरूची विद्या घेतली, पंथ घेतला नाही.

७/ म्हणून ‘मिशनऱ्यांनी आम्हांस शहाणे केले’ आणि ‘मिशनऱ्यांनी केवळ बाटविले’ ही दोन्ही विधाने अपुरी ठरतात. दोहोंत एतद्देशीय माणूस निव्वळ घेणारा उरतो. सरफोजी निवड करणारे होते. मराठी मुद्रणाचा इतिहास मुंबई-पुण्यापासून सांगू लागलो, तर ही निवडच पुसली जाते. त्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात तंजावर हवे, आणि तळटीपेत का होईना, हाल्लेही.