डोक्यावरचे केस आणि डोक्यातले समज

राजकारण, क्रिकेट आणि केस या तीन विषयांत आपल्याकडे प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. त्यातही पहिल्या दोन विषयांत समोरच्याला निदान वाद तरी घालता येतो. केसांच्या बाबतीत तीही सोय नाही. ज्याचे केस गळतात त्याने खाली मान घालून ऐकून घ्यायचे. आणि मान खाली घातली की नेमकी विरळ झालेली टाळूच सल्लागाराच्या दृष्टीस पडते! मी तृतीय वर्ष कला शाखेचा विद्यार्थी, वय वर्षे वीस. माझ्या कपाळाने गेल्या दोन वर्षांत दोन्ही बाजूंनी वर चढायला सुरुवात केली आहे. तेव्हा या विषयावरचे फुकटचे सल्ले ऐकण्याचा माझा अनुभव, वयाच्या मानाने, दांडगा आहे.

या सल्लागारांचे ढोबळमानाने दोन पंथ पडतात. एक कात्रीवाल्यांचा आणि दुसरा तेलवाल्यांचा. कात्रीवाले म्हणतात, केस बारीक ठेव, मुळांवरचा भार कमी होईल. किंवा एकदा सरळ चकोट करून टाक, नवे केस दाट येतील. याच पंथातला एक फुटीर गट नेमके उलटे सांगतो, की सारखे मशीन फिरवून फिरवूनच तुझी मुळे सैल झाली. तेलवाल्यांतही एकमत नाही. आत्या म्हणते, डोके कोरडे पडले म्हणून केस गळतात, रोज रात्री तेल जिरव. वसतिगृहातला माझा खोलीमित्र म्हणतो, तुझे डोके मुळातच तेलकट, तेलाने छिद्रे बुजली म्हणून गळतात. सल्ले परस्परविरुद्ध, पण सूर मात्र चौघांचा एकच: काहीतरी तुझेच चुकले.

माझे मत असे आहे की हे चारही सल्ले निराधार आहेत, आणि त्यांच्या निराधारपणापेक्षा त्यांतला हा ठपका अधिक वाईट आहे.

आधी कात्री. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्वचेच्या वर जो केस दिसतो तो नखासारखाच मृत पदार्थ. जिवंत काय असेल ते त्वचेखाली तीन-चार मिलिमीटरवर, केसाच्या मुळाशी. तेथे नव्या पेशी तयार होतात आणि जुना भाग महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या गतीने वर ढकलला जातो. वर कात्री चालली, वस्तरा चालला की झिरो मशीन चालले, याची वर्दी खाली मुळापर्यंत पोचवायला मृत केसात तारयंत्र नाही! नखे कापल्याने कोणाची नखे जाड झाल्याचे ऐकिवात नाही. भाराचेही तसेच. एका केसाचे वजन ते किती, आणि ते पेलणारे मूळ किती घट्ट! विश्वास बसत नसेल त्याने चांगला रुजलेला एक केस उपटून पाहावा.

ही नुसती तर्काची गोष्ट नाही. 1928 साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी काही पुरुषांच्या दाढ्या मोजमाप करून तपासल्या आणि वस्तऱ्याने केस जाड होत नाहीत, वेगानेही वाढत नाहीत, असे दाखवून दिले. 1970 साली पुन्हा पाच तरुणांचा एकेक पाय काही महिने दर आठवड्याला तासून दुसऱ्या पायाशी ताडून पाहण्यात आला. दोन्ही पाय सारखेच निघाले.

पण आम्हांला अमेरिकेपर्यंत जाण्याची खरोखर गरज होती काय? आपल्याच घरांत हा प्रयोग पिढ्यान् पिढ्या झाला. आणि तो ज्यांच्यावर झाला त्यांना कोणी विचारलेही नव्हते. विधवांचे केशवपन हा तो प्रयोग. कोवळ्या वयात ज्यांच्या डोक्यावरून एकदा वस्तरा फिरला, त्यांच्या डोक्यावरून तो ठराविक दिवसांनी जन्मभर फिरत राहिला. वस्तऱ्याने केस संपत असते तर काही वर्षांनी न्हावी बोलावण्याचे कारणच उरले नसते. तो पुन्हा पुन्हा बोलवावा लागे, कारण केस आपले निमूटपणे उगवतच राहत. शेवटी 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधवच एकत्र जमले आणि हे काम आपण करणार नाही असा त्यांनी निर्धार केला. केसांचा इतिहास हा माझ्या मते एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इतिहास विभागाच्या कोणी तो अवश्य लिहावा.

मग जावळाचे काय, असा प्रश्न येईल. जावळ काढल्यावर बाळाला दाट केस येतात, हे तर सर्वांनी पाहिलेले. खरे आहे; पण ज्या बाळाचे जावळ काढलेले नाही त्यालाही त्याच वयात दाट केस येतात. जन्मतःचे मऊ केस जाऊन मोठ्या माणसासारखे केस येण्याचा तो काळच असतो. श्रेय मात्र वस्तऱ्याला मिळते. मोठेपणीही असाच भास होतो. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, कापलेल्याचे बोथट, म्हणून हाताला खरखरीत आणि डोळ्यांना दाट वाटते.

आणखी एक गंमत सांगतो. आमच्या वसतिगृहात एकाने सोल्जर कट मारला आणि आठ दिवसांत जाहीर केले की गळती थांबली. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात, तुमचे, माझे आणि प्राचार्यांचेही. वीतभर लांबीचे पन्नास केस न्हाणीघराच्या जाळीत अडकले की त्यांचा बोळा होतो आणि काळजात धस्स होते. तेच केस बोटाच्या पेराएवढे असले तर पाण्याबरोबर निघून जातात. गळती तेवढीच, पुरावा तेवढा नाहीसा झाला! मुलींना केस गळण्याची धास्ती अधिक का वाटते, याचेही एक कारण मला यात दिसते.

आखूड केसांचा खरा फायदा एवढाच, की डोके धुणे सोपे जाते आणि केस ताणले जात नाहीत. ताण ही गोष्ट मात्र खरी आहे. वर्षानुवर्षे केस करकचून मागे ओढून बांधले तर कपाळालगतची मुळे दुखावतात आणि कायमची मरूही शकतात. शाळेत रोज घट्ट वेण्या घालणाऱ्या मुलींत आणि डोक्यावर आवळून जुडा बांधणाऱ्या शीख तरुणांत हे आढळते. म्हणजे केसांना इजा होते ती ओढण्याने. सलूनमध्ये भीती बाळगायचीच असेल तर ती न धुतलेल्या कंगव्याची, पुसून न घेतलेल्या मशीनची आणि जुन्या पात्याची बाळगावी. नायटा त्या वाटेने येतो.

आता तेल. येथे दोन वेगळ्या गोष्टींची आपण गल्लत करतो. एक तेल बाटलीतले आणि एक त्वचेतले. प्रत्येक केसाच्या मुळाजवळ एक बारीक ग्रंथी असते, तिच्यातून तेलकट द्रव्य पाझरते. कोणाच्या डोक्यात ते कमी, कोणाच्या जास्त. ज्यांचे डोके फार तेलकट त्यांतल्या पुष्कळांना टक्कलही पडते, हे निरीक्षण खोटे नाही. पण म्हणून तेलाने टक्कल पडते असे म्हणणे म्हणजे छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला असे म्हणण्यापैकी आहे. दोन्हींच्या मागे एकच तिसरी गोष्ट असते. पुरुषी संप्रेरकापासून शरीरात एक अधिक प्रभावी संप्रेरक तयार होते. ते तेलग्रंथींना चेव आणते, आणि ज्यांच्या रक्तात तसा वारसा आहे त्यांच्या कपाळावरच्या व टाळूवरच्या केसांची मुळे तेच हळूहळू लहान करीत नेते. जाड केसाच्या जागी बारीक, मग त्याहून बारीक, मग नुसती लव. केस ‘गळतो’ म्हणण्यापेक्षा ‘आटतो’ म्हणणे येथे अधिक बरोबर.

हे कळले कसे, तीही कथा वाचण्यासारखी आहे. 1942 साली जेम्स हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने दाखवले, की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण काढले गेले अशा पुरुषांना टक्कल पडत नाही; आणि त्यांना ते संप्रेरक बाहेरून दिले तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागते. पुढे 1974 साली डॉमिनिकन रिपब्लिक या देशातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काही पुरुषांच्या शरीरात ते दुसरे, प्रभावी संप्रेरक जन्मतःच जेमतेम तयार होत होते. त्यांच्यात टक्कल आढळले नाही. पुढे जे औषध निघाले, आणि 1997 साली अमेरिकेत टकलासाठी मान्य झाले, ते याच वाटेने. डोक्याला लावायचे दुसरे औषध मुळात रक्तदाबाच्या गोळीतून निघाले. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते लक्षात आले. दोन्ही औषधे बंद केली की गुण ओसरतो, आणि पहिल्याचे काहींना उपद्रवही होतात. म्हणून ती त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यायची.

बाटलीतल्या तेलाने हे संप्रेरक थांबत नाही आणि वाढतही नाही. छिद्रे बुजून केस मरतात हेही खरे नाही. मात्र आधीच तेलकट आणि कोंडा असलेल्या डोक्यावर रात्रभर तेल थापून ठेवणे शहाणपणाचे नव्हे. कोंड्याशी संबंधित एक बुरशी आपल्या सर्वांच्या डोक्यात असते, आणि तिचा आहारच स्निग्ध पदार्थ! कोंडा वाढला की खाज, खाज सुटली की खाजवणे, आणि खाजवण्याने थोडे केस अधिक जातात. उलट बाजूने, आईच्या हातच्या चंपीलाही मी बदनाम होऊ देणार नाही. तेल चोळताना हाताला येतात ते केस आधीच सुटलेले असतात. आज नाही तर उद्या कंगव्यात आलेच असते. 2003 साली मुंबईच्या आरती रेले आणि मोहिले या संशोधकांनी दाखवले, की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना-विंचरताना होणारी त्याची झीज कमी करते. हे संशोधन तेल विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेतले होते, हे ध्यानात ठेवूनही ते मला पटते. पण ही राखण उगवलेल्या केसाची झाली. न उगवणाऱ्याला खोबरेल काय करणार?

येथेच बाजार सुरू होतो. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीच्या पैशांतून तीन महिने एक ‘वनौषधी’ तेल मागवले आणि त्या तीन महिन्यांत रात्रीची मेस बंद ठेवली. जेवण तोडून केस वाढवण्याचा हा प्रकार! औषधाने टक्कल बरे होते असा दावा करण्यास आपल्या देशात औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टाने मनाई आहे. तरी मोबाईल उघडला की दर दोन मिनिटांनी एक टक्कल हिरवेगार होताना दिसते.

आणि केस गळण्यामागे कधी कधी खरोखरच शोधून काढण्यासारखे कारण असते, ते या गदारोळात हरवते. विषमज्वर, डेंग्यू, बाळंतपण, मोठा ताप यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात आणि पुष्कळदा आपोआप परत येतात. करोनानंतर घरोघर हे पाहिले. रक्तात लोह कमी असणे, गळ्यातल्या ग्रंथीचा बिघाड, पैशाएवढी चाई पडणे, ही प्रत्येक वेगळी गोष्ट. 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस चार दिवसांत मुठी-मुठींनी हातात येऊ लागले. प्रथम संशय पाण्यावर गेला. ‘टक्कल व्हायरस’ असे नावही पडले. अनेकांनी लाजेने डोके भादरून घेतले. पुढे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्ताचे आणि रेशनच्या गव्हाचे नमुने तपासून घेतले, आणि त्यांत सेलेनियमचे प्रमाण फार मोठे आढळल्याचे जाहीर केले. त्या गावांतल्या पोरांना कोणी नुसतेच ‘तेल बदल’ म्हणून वाटेला लावले असते तर?

आता थोडे आपल्या महाविद्यालयाविषयी. स्नेहसंमेलनात फिशपाँडचा कार्यक्रम होतो. मी तो आनंदाने ऐकतो, आणि विनोदाचे मला वावडे नाही. पण यंदा टकलावरच्या चिठ्ठ्या सातपेक्षा कमी नव्हत्या, आणि त्यांतल्या चार एकाच मुलाला. तो टाळ्या वाजवून हसला. दुसऱ्या दिवसापासून वर्गात टोपी घालून बसू लागला, एका प्राध्यापकांनी ती काढायला लावली, आणि त्यानंतर आठवडाभर तो आलाच नाही. एकांकिकेतली त्याची भूमिका ऐनवेळी दुसऱ्याला द्यावी लागली. त्याच्या वडिलांना आणि मामालाही टक्कल आहे. त्याने केस कितीही वाढवले असते किंवा कापले असते, तेल लावले असते किंवा सोडले असते, तरी याहून फार वेगळे घडले नसते.

चिठ्ठ्या व्यासपीठावर जाण्यापूर्वी त्या चाळणारी समिती असते. जातीवरच्या आणि मुलींच्या रंगावरच्या चिठ्ठ्या ती बाजूला काढते, हे मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी त्याच ढिगात टकलाच्या चिठ्ठ्याही टाकाव्यात, एवढी माझी त्या समितीला विनंती आहे. पेटी तरीही रिकामी राहणार नाही. मेसच्या आमटीवर आणि ग्रंथालयाच्या वेळांवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.