गाठी मारणाऱ्यांचा धंदा

गेल्या महिन्यात कामरगावला गेलो होतो. कारंजा तालुक्यातलं हे आमचं कापूस-सोयाबीनचं गाव. आमच्या चाचीच्या आणि बडी अम्मीच्या घरामध्ये कधी भिंत नव्हती. एकच अंगण, एकच नळ. यावेळी अंगणाच्या मधोमध टिनाचे पत्रे उभे होते. का म्हणून विचारलं, तर चाचीनं उशीखालून काळा दोरा काढून दाखवला. त्याला सात गाठी.

चुलत बहिणीचं लग्न दोनदा जमता जमता मोडलं. कुणाच्या तरी सांगण्यावरून चाची एका आमिलकडे गेली. त्यानं आईचं नाव विचारलं, मुलीचा केस आणि ओढणीचा तुकडा मागितला, डोळे मिटले आणि सांगितलं, ‘घरातल्याच बाईनं बंदिश केली आहे.’ नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, अंगणात दुसरी बाई एकच होती. आठ महिने झाले, दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत. दोऱ्याचा असर टिकावा म्हणून दर महिन्याच्या पहिल्या जुमेरातीला तो पुन्हा दम करून आणावा लागतो. दरवेळचे ५०१ रुपये.

त्याच बहिणीनं मला मोबाइलवर एक रील दाखवली. इस्त्रीच्या कपड्यातली एक बाई गोड आवाजात सांगत होती, दोन माणसांमध्ये ‘एनर्जी कॉर्ड’ असते, ती जोडता येते, दर पौर्णिमेला ‘चार्ज’ करावी लागते, नको असेल तर कापता येते. फोटो पाठवा, फी ऑनलाइन भरा. केसाच्या जागी फोटो आला, लोबानच्या जागी सुगंधी मेणबत्ती, आमिलच्या जागी ‘हीलर’. बाकी दुकान तेच.

माणसाच्या अंगाला लागलेली वस्तू त्याच्यापासून दूर गेली तरी त्याला जोडलेलीच राहते, ही समजूत फार जुनी आणि जगभरची आहे. जेम्स फ्रेझरनं १८९० मध्ये आलेल्या ‘द गोल्डन बाव’ या ग्रंथात तिची ढिगानं उदाहरणं दिली आहेत. नखं, केस, कपडे, पायाखालची माती. आता तिला ऊर्जा हा शाळेच्या पुस्तकातला शब्द चिकटवला, एवढंच नवीन. पण ऊर्जा मोजता येते. घरच्या मीटरवरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. शेतातल्या पंपाची जोडणी तुटली, तर मोटर बंद पडते आणि सगळ्या गावाला दिसते. आमिलची जोडणी तुटली हे फक्त आमिललाच दिसतं आणि ती दुरुस्तही फक्त त्यालाच करता येते. ती दर महिन्याला ढिली का होते, हे कळायला फार शिकावं लागत नाही.

पैसा गेला, तो पुन्हा कमावता येतो. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. या धंद्याला दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक शत्रू लागतो. तो बहुतेक वेळा बाईच असते: जाऊ, नणंद, शेजारीण, एकटी राहणारी विधवा. न दिसणारी जोडणी बांधून देण्याच्या नावाखाली हे लोक दिसणारी, वर्षानुवर्षांची नाती कापतात.

‘तुम जादू को नहीं मानते, मतलब क़ुरआन को नहीं मानते,’ असं मला सुनावलं गेलं. भाऊ, सूरह बक़राची १०२ वी आयत नीट वाचा. नवरा-बायकोत फूट पाडणारी विद्या शिकणाऱ्यांचा तिथं धिक्कार आहे आणि अल्लाहच्या इच्छेविना ते कुणाचं काही बिघडवू शकत नाहीत, असंही बजावलं आहे. सूरह फ़लक़मध्ये गाठींवर फुंकणाऱ्यांपासून आश्रय मागितला आहे, तोही थेट अल्लाहकडे. ही सूरह मोहल्ल्यातल्या लहान पोरांनाही पाठ असते. मग ती म्हणायला मधला माणूस आणि ५०१ रुपये कशाला? भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज क़बूल होत नाही, ही सहीह मुस्लिममधली हदीस आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकली? पैगंबरांचा मुलगा इब्राहीम गेला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले, तेव्हा पैगंबरांनी स्वतः तो तोडला: कुणाच्या जगण्या-मरण्यानं ग्रहण लागत नाही. स्वतःच्या मुलाच्या मृत्यूच्या दिवशी!

दुसरा आक्षेप असतो, ‘आपल्याच लोकांची बदनामी कशाला?’ आमिलच्या ओट्यावर बसलेल्या बायका पाहा, अर्ध्या कुंकू लावलेल्या असतात. भगताच्या दारात बुरखेही दिसतात. या एका बाबतीत आपली एकता अभंग आहे. आणि गप्प राहण्याची किंमत मोठी असते. जून २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एकाच कुटुंबातली नऊ माणसं मेली. आधी सगळ्यांना ती कर्जापायी केलेली सामूहिक आत्महत्या वाटली. नंतर पोलिसांनी गुप्तधनाचं आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकावर विष देऊन खून केल्याचा आरोप ठेवला. तो मांत्रिक आपल्यातला होता. तेव्हा आपल्या किती मिंबरांवरून या धंद्याविरुद्ध शब्द निघाला?

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. अमुक माणूस करणी करतो, मंत्रानं जनावराचं दूध आटवतो असं भासवून त्याचं जगणं मुश्कील करणं, हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, गुन्हा अजामीनपात्र. मंदिर, दर्गा, चर्च, घर इथल्या उपासनेला त्यानं हात लावलेला नाही. म्हणजे ‘धर्मावर हल्ला’ ही ओरड दुकानदारांची आहे.

माझी मागणी साधी आहे. मशिदीच्या कमिटीनं वर्षातला एक जुमा या विषयाला द्यावा. ‘घरातल्या बाईनं केलं’ असं म्हणणारा कुणीही असो, त्याच्याविरुद्ध ठाण्यात तक्रार द्यावी. मुलीचं लग्न का मोडलं, हे मुलाकडच्यांना समोर बसून विचारावं. मी विचारलं. त्यांना मोटरसायकल हवी होती.

चाचीला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. दोरा तिनं मला दिला. पत्रे मात्र मी निघालो तेव्हा तसेच उभे होते.