किंमत नव्हे, कसब पाहा!

जिनिव्हाच्या पाटेक फिलिपचे नाव निघाले की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला : केवढ्याचे? हेन्री ग्रेव्हज यांना १९३३ साली सुपूर्द केलेले घड्याळ २०१४ मध्ये सुमारे २ कोटी ३२ लाख स्विस फ्रँकना विकले गेले, हे पुष्कळांना तोंडपाठ. त्यात २४ करामती आहेत. त्यांपैकी चार तरी कोणी सांगावीत!

चारशे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ याहून बिनचूक चालते, हे कबूल. म्हणून कसब फुकट ठरते काय? शाश्वत दिनदर्शिकेचे यंत्र पाहा. चार वर्षांत एक फेरा घेणारे चाक, त्याच्या कडेला ४८ महिन्यांच्या उथळ-खोल खाचा. तरफ खाचेत जितकी उतरते, त्यावरून महिना तीस दिवसांचा की अठ्ठावीसचा हे ठरते. २१०० साल लीप नसल्याने बहुतेक अशा घड्याळांची तारीख तेव्हा हाताने सुधारावी लागेल. ज्यांच्या घरी पंचांग आहे, त्यांना या हिशेबाची गोडी वेगळी सांगायला नको.

उलट टूर्बियाँ! ब्रेगे यांनी १८०१ मध्ये त्याचे पेटंट घेतले ते खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी. गुरुत्वाकर्षणाने येणारी चूक फिरत्या पिंजऱ्याने वाटून जावी म्हणून. मनगट तर सतत हलते. तिथे तबकडीला भोक पाडून ते मिरवणे हा निव्वळ दागिना झाला.

दागिन्याला दागिना म्हणा. कौतुक मात्र गरजेला उत्तर देणाऱ्या चाकाचे करा.