जिभेवर खापर

वजन वाढले की आपल्याकडे निवाडा तयार असतो: जिभेवर ताबा नाही, अंग हलवायला नको. पाकीटबंद खाऊ विकणाऱ्यांना हा निवाडा फारच मानवतो. ‘काहीही खा, पण घाम गाळा’ हे त्याचे गोंडस रूप. आहारापेक्षा व्यायामावर भर देणाऱ्या अमेरिकेतील एका शास्त्रज्ञ-गटामागे कोका-कोलाचा पैसा असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले आणि त्याच वर्षी तो गट गुंडाळला गेला. अर्थात, पैसा कोणाचा यावरून युक्तिवाद खोटा ठरत नाही. तो पुराव्यावरच घासून पाहावा लागतो.

तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेल्या केविन हॉल यांनी तसा तो पाहिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात २० जण संस्थेतच राहिले. दोन आठवडे कारखान्यातले अतिप्रक्रिया केलेले अन्न, दोन आठवडे साधे शिजवलेले. वाढलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मेद, तंतू यांचे प्रमाण सारखेच. खायचे हवे तितके. कारखानी अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. माणसे तीच, जीभही तीच. मग एका पंधरवड्यात गायब असलेला संयम दुसऱ्यात कुठून आला?

दुसरा आक्षेप घरातला: ‘वडापाव, भजी काय आजची आहेत?’ खरे आहे. तळण जुनेच, आणि रोज खाल्ले तर वडाही सोडत नाही. पण वड्यासाठी गाडीपर्यंत जावे लागते. मैदा, पामतेल, साखर आणि मिठाचे पाच-दहा रुपयांचे पाकीट मात्र ताजी भाजी जिथे रोज पोचत नाही, तिथल्या टपरीवरही लटकलेले असते.

‘मी तर सडपातळ आहे’ म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपला देह बारीक दिसूनही चरबी साठवतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये जादा वजनाच्या स्त्रिया २०.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २४, पुरुष १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर गेले. एवढ्या अवधीत अख्ख्या देशाचा संयम ढळला, असे म्हणायचे का? बदलला तो बाजार. म्हणून इलाजही तिथेच हवा. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, मेद जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले आणि असे पदार्थ शाळांतून हद्दपार केले. त्यानंतर गोड पेयांची खरेदी जवळपास चौथ्या हिश्शाने घटली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये सुचवले काय, तर पाकिटांवर गुणांनुसार तारे! या पद्धतीत साखरेने गेलेले गुण सुक्यामेव्याने थोडे भरून काढता येतात. ग्राहकाला हवा आहे तो स्पष्ट इशारा.

व्यायाम करावाच, हातही आवरावा. पण खाणाऱ्याचा हात थांबू नये यावरच ज्याच्या विक्रीचे गणित उभे आहे, त्याला मोकळे सोडून खाणाऱ्यालाच संयम शिकवणे हा न्याय नव्हे.