दोन बादल्या पुरतात

रविवारी सकाळी सात-साडेसातला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलं की गाडी धुण्याच्या चार पद्धती एकाच वेळी बघायला मिळतात. एक जण नळीच्या तोंडावर अंगठा दाबून गाडीवर फवारा मारत असतो. दुसऱ्याकडे बादली, मग आणि जुन्या बनियनचं फडकं असतं. तिसऱ्याने प्रेशर वॉशर लावलेला असतो आणि त्याची गाडी पांढऱ्या फेसाखाली निथळत असते. चौथा खाली येतच नाही, कारण त्याची गाडी पहाटेच कोणीतरी पुसून गेलेलं असतं. प्रत्येकाला आपलीच पद्धत योग्य वाटते आणि त्यावरून गप्पाही रंगतात. या विषयावर माझं मत ठाम आहे. गाडी स्वच्छ होते ती घाण कोणत्या क्रमाने उतरवली यावर. पाणी किती ओतलं आणि यंत्र कोणतं वापरलं, हे त्यानंतर येतं.

आधी गाडीवर असतं काय ते बघू. आजच्या गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची सगळी चमक त्या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. आणि त्याच्यावर बसते ती आपल्या रस्त्यांवरची धूळ. त्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडं फडकं घेऊन बोनेट पुसायला लागलो की आपण तेच कण त्या थरावरून फिरवत असतो. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली काळी किंवा गडद निळी गाडी उभी असताना बोनेटकडे तिरकं बघा. दिव्याच्या भोवती बारीक गोल गोल रेघा दिसतील. त्या बहुतेक वेळा रस्त्यावर पडलेल्या नसतात. आपल्याच पार्किंगमध्ये, गाडी साफ करताना पडलेल्या असतात.

म्हणून कोरडं पुसणं ही माझ्या मते सगळ्यांत वाईट पद्धत. दिसायला ती सर्वांत सोपी, पाणीही लागत नाही, आणि ऑफिसला निघण्यापूर्वी दोन मिनिटांत गाडी झटकून होते. पण धूळ जाड असेल तर गाडी तशीच मळकी नेलेली परवडली. मळ नंतर धुऊन जातो, ओरखडा जात नाही. तो घालवायचा तर पॉलिश करावं लागतं आणि प्रत्येक पॉलिशला तो पातळ थर आणखी थोडा घासला जातो. पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या काळात रंगावर असा वेगळा थर नसायचा. पॉलिश करताना पांढऱ्या फडक्याला गाडीचा रंग लागायचा आणि पिवळ्या फडक्याने रोज गाडी पुसणं हे मालकाच्या टापटिपीचं लक्षण मानलं जायचं. तेव्हाची ती सवय आजच्या गाड्यांना मानवत नाही.

नळीवाल्यांचं म्हणणं असं की घासण्याआधी धूळ पाण्याने वाहून गेली पाहिजे. ते अगदी खरं आहे. अडचण आहे ती पाण्याच्या हिशोबाची. बागेला पाणी घालायच्या साध्या नळीतून मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी येतं. खात्री करायची तर १५ लिटरची बादली लावून घड्याळ बघा. गाडी धुवायला पंधरा मिनिटं लागतात आणि साबण लावतानाही नळी बहुधा खाली वाहतच असते. म्हणजे १५० ते २२५ लिटर पाणी गेलं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं, असा आपल्याकडचा नियोजनाचा निकष आहे. एका माणसाच्या अख्ख्या दिवसाच्या वाट्यापेक्षा जास्त पाणी एका गाडीवर! साठ गाड्यांच्या सोसायटीत प्रत्येकाने आठवड्यातून एकदाच असं केलं तरी किमान ९,००० लिटर होतात. मार्च-एप्रिलमध्ये ज्या सोसायट्या १०,००० लिटरचे टँकर मागवतात, त्यांनी हा आकडा जिन्याखालच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

याच महाराष्ट्रात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुवायला बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विचारा. तिथे कित्येक गावांत घरासमोर साबण लावून गाडी धुता येत नाही, कारण गाडीवरचं तेल आणि साबण जमिनीत मुरून भूजलात जातो. आपल्या पार्किंगमधून वाहत गेलेलं फेसाळ पाणीही पावसाळी गटारातून शेवटी नदीतच जातं. बादल्या मोजून वापरण्यामागे निव्वळ काटकसर नाही, हे कारणही आहे.

प्रेशर वॉशरची बाजूही समजून घेतली पाहिजे. घरगुती यंत्राला मिनिटाला साधारण ५ ते ७ लिटर पाणी लागतं, म्हणजे उघड्या नळीच्या निम्मं. मडगार्डच्या आत थापलेला चिखल, चाकांमागची घाण, गाडीच्या पोटाला चिकटलेली माती काढायला त्याच्यासारखं साधन नाही. अलिबाग, गुहागरला जाऊन आल्यावर, आणि किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी गेली असेल तर नक्कीच, गाडीचं पोट जोरदार पाण्याने धुतलं पाहिजे. मिठामुळे पत्रा आतून गंजत जातो आणि ते बाहेरून कळत नाही. फक्त नोझल निदान हातभर लांब धरावं. जवळून मारलं तर निघू पाहणाऱ्या रंगाचा टवका उडतो आणि दारांच्या रबरातून पाणी आत शिरतं. बोनेट उघडून इंजिनवर मारा करणं तर पूर्ण टाळावं. आताच्या गाड्यांत तिथे वायरी, सेन्सर आणि जोडण्यांची दाटी असते. फेसाचंही तसंच. फेस धूळ भिजवून सैल करतो, पण हात फिरवल्याशिवाय चिकट थर निघत नाही.

आता माझी पद्धत. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. भांड्यांचा साबण नको, तो तेलकटपणा कापायला बनवलेला असल्यामुळे गाडीवरचं वॅक्सही काढून टाकतो. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी प्लॅस्टिकची एक जुनी चाळणी पालथी घालायची. गाडी सावलीत हवी आणि बोनेट हाताला गार लागलं पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर साबण जागेवरच वाळतो. आधी मगने टपावरून पाणी ओतायचं, घाई न करता, सगळीकडून. धूळ भिजून ओघळू लागली की शाम्पूच्या पाण्यात मायक्रोफायबरचं फडकं बुडवायचं आणि टपापासून सुरुवात करायची. मग काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि दारांचा खालचा पट्टा सगळ्यांत शेवटी, कारण वाळू तिथेच जास्त असते. हात सरळ रेषेत फिरवावा, गोल नाही. प्रत्येक भाग झाला की फडकं साध्या पाण्यात चाळणीवर घासून खळबळायचं, पिळायचं आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचं. हाच या पद्धतीचा गाभा. धूळ एका बादलीत राहते, साबण दुसरीत. काम संपल्यावर चाळणी उचलून बघा. तळाशी राखाडी गाळाचा थर बसलेला असतो. एकच बादली वापरली असती तर तो सगळा गाळ पुन्हा पुन्हा गाडीवर फिरला असता.

चाकांसाठी फडकं वेगळं ठेवायचं. ब्रेकमधून झडलेली काळी पूड त्यात धातूचे कण घेऊन येते, म्हणून ते फडकं पत्र्याला लावायचं नाही. शेवटी स्वच्छ पाणी ओतून लगेच कोरडं करायचं. आपल्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी क्षाराचं असतं आणि ते आपोआप वाळलं की पांढरे ठिपके उरतात. मायक्रोफायबरचा टॉवेल दोनदा घडी घातला की पुसायला आठ कोऱ्या बाजू मिळतात, एक मळली की पुढची घ्यायची. हे टॉवेल धुताना कपड्यांचं सॉफ्टनर घालू नये, त्याने धागे बुजतात आणि पाणी शोषत नाहीत. साध्या पाण्याची बादली तीनदा भरली तरी सगळं मिळून ६० लिटरच्या आत काम होतं. साठ गाड्यांचे ते ९,००० लिटर मग ३,६०० वर येतात.

काही डाग मात्र रविवारची वाट बघत नाहीत. जांभळाच्या दिवसांत झाडाखाली लावलेल्या गाडीवर पक्ष्यांची जांभळी विष्ठा पडते. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात एक-दोन दिवस राहिली तरी क्लिअर कोटवर कायमची खूण ठेवू शकते. ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवून नुसतं उचलून घ्यावं, खरवडू नये. दसऱ्याला बोनेटवर काढलेल्या स्वस्तिकाचं कुंकूही संध्याकाळी आधी पाणी ओतूनच काढावं.

गाडी हाताने धुण्याचा आणखी एक लाभ आहे आणि तो मला चमकेपेक्षा मोलाचा वाटतो. गाडी इतक्या जवळून आपण एरवी बघतच नाही. चाक पुसताना टायरमध्ये रुतलेला खिळा दिसतो. टायरच्या खाचांत झिजेची खूण असते, रबर तिच्या पातळीला आलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली आणि टायर बदलायची वेळ झाली. वायपरचं फाटलेलं रबर पावसाळ्याआधी सापडतं. पुढच्या काचेच्या खाली, बोनेटच्या कडेला जाळीत कडुनिंबाची, गुलमोहराची पानं साठून पाणी जायच्या वाटा बुजलेल्या असतात. त्या मोकळ्या केल्या नाहीत तर जूनमध्ये पाणी पायाखालच्या मॅटमध्ये उतरतं. घरातल्या मुलांना हे सगळं दाखवावं. उद्या गाडी त्यांच्याच हातात येणार आहे.

राहिला तो पहाटे गाड्या पुसणारा माणूस. गाडी खराब केली म्हणून त्याच्यावर आरडाओरड होताना मी अनेकदा ऐकली आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. एका बादलीत आणि दोन फडक्यांत पंधरा गाड्या करायला आपणच त्याला लावतो. सोसायटीचा नळ वापरू देत नाही आणि सात वाजायच्या आत काम उरकायला सांगतो. मग तिसऱ्या गाडीची वाळू चौथ्या गाडीवर जाणारच. गाडी रोज पुसून हवी असेल तर आपल्या गाडीची दोन मायक्रोफायबर फडकी त्याच्याकडे द्या, आठवड्याला ती धुऊन बदला आणि पाणी भरायची सोय करून द्या. रोज कोरडं पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुवायला सांगा आणि पैसे महिन्याचे तेवढेच ठेवा. त्याचे हात वाचतील, गाडीही टिकेल.

या रविवारी नळी गुंडाळून ठेवा. दोन बादल्या, एक चाळणी आणि तीन फडकी घेऊन खाली उतरा, घरातल्या एखाद्या मुलाला सोबत घ्या आणि टपापासून सुरुवात करा. आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये गाड्या नळीने धुवायच्या नाहीत, असा ठराव मांडा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची वेळ येण्याआधी तो झालेला बरा.