ओव्हरटेकचे नऊ सेकंद

उसाचा हंगाम सुरू झाला, की कोरेगाव तालुक्यातील रस्त्यांची चालच बदलते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगाने पुढे सरकत असतो. त्याच्या मागे एखादी मोटार अडकलेली असते, मोटारीच्या मागे दोघे बसलेली शंभर सीसीची मोटारसायकल, आणि समोरून एसटी येत असते. मोटारसायकलस्वार उजवीकडे झुकून एकदा पाहतो, मागे येतो, पुन्हा झुकतो. चिमणगावच्या जरंडेश्वर कारखान्याकडे जाणारी वाट असो वा सातारा-पंढरपूर मार्ग, गाळप सुरू असेपर्यंत हे दृश्य दिवसातून कितीदा तरी दिसते. बहुतेक वेळा त्यातून काहीच घडत नाही, आणि म्हणूनच त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

त्या झुकून पाहण्यात जो निर्णय घेतला जातो, तो सुरक्षित केव्हा आणि कायदेशीर केव्हा, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. समोरचा रस्ता मोकळा दिसला म्हणजे वाट मिळाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक ओव्हरटेक पूर्ण होतो तो मोटारसायकल पुन्हा डाव्या बाजूस, मोटारीच्या पुढे पुरेसे अंतर ठेवून येते तेव्हा. मधला सारा काळ ती दुसऱ्याच्या रस्त्यावर असते.

हा काळ किती, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. मोटार ताशी ५० किलोमीटरने जात आहे आणि मोटारसायकल ६५ ने, असे धरू. मागे पंधरा मीटर, पुढे पंधरा मीटर अंतर आणि दोन्ही वाहनांची लांबी मिळून सुमारे ३६ मीटरची आघाडी स्वाराला मिळवायची असते. वेगातील फरक ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम चार मीटर. त्यामुळे हे काम साडेआठ-नऊ सेकंदांचे होते. तेवढ्यात मोटारसायकल दीडशे मीटरहून थोडे अधिक अंतर कापते आणि समोरून ताशी ६० ने येणारी बस आणखी जवळजवळ तेवढेच. म्हणजे ओव्हरटेक सुरू करताना समोर सुमारे ३०० मीटर रस्ता रिकामा दिसायला हवा. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकांत ताशी ६० किलोमीटर वेगाच्या रस्त्यासाठी ओव्हरटेकला लागणारे दृष्टिअंतर ३०० मीटरच दिले आहे. वेग ८० असेल तर ते ४७० मीटरवर जाते.

या हिशेबात मोटारसायकल आधीच ६५ च्या वेगात आहे असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात मोटारीच्या मागे ५० ने चाललेल्या, मागे माणूस बसलेल्या शंभर सीसीच्या गाडीला ६५ गाठण्यासाठीच काही सेकंद लागतात. चढावर तर विचारूच नये. वर्धनगडच्या घाटात ज्यांनी जोडीने दुचाकी चढवली आहे, त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. शिवाय त्या रस्त्याची कमाल वेगमर्यादा ६० असेल, तर ६५ ने केलेला ओव्हरटेक कितीही सफाईदार असला तरी बेकायदाच ठरतो. पुढची मोटार मर्यादेच्या जवळपास वेगाने जात असेल, तर तिला कायद्यात राहून मागे टाकण्याची सोयच उरत नाही.

दुचाकी अरुंद असते, तिला मधली रेषा ओलांडावी लागत नाही, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तोही मोजून पाहावा. दोनपदरी रस्त्याची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटरची, मोटारीची रुंदी सुमारे १.७ मीटर. मोटार डाव्या कडेपासून अर्धा मीटर आत असेल, तर उजवीकडे १.३ मीटर जागा राहते. हँडलची रुंदी पाऊण मीटरहून थोडी जास्तच असते. उरतो अर्धा मीटर. मोटारीने खड्डा चुकवण्यासाठी किंचित उजवीकडे घेतले, की तोही संपला. थोडक्यात, दोनपदरी रस्त्यावर सुरक्षित अंतर ठेवून मोटारीला मागे टाकायचे तर मधली रेषा ओलांडावीच लागते. आणि ती रेषा आपल्या बाजूने अखंड असेल, तर ओलांडता येत नाही. रेषा तुटक असली म्हणून परवाना मिळाला असेही नव्हे. येथे मनाई नाही, एवढेच ती सांगते. रस्ता मोकळा आहे की नाही हे स्वारानेच पाहायचे असते.

कायद्याची भाषा याबाबत पुरेशी स्पष्ट आहे. १९८९ च्या रस्ता नियमांनुसार वळण, चढाचा माथा किंवा समोरचे दिसू न देणारा कोणताही अडथळा असताना, इतर वाहतुकीला धोका वा गैरसोय होणार असेल तेव्हा, तसेच मागच्या वाहनाने आपल्यालाच ओव्हरटेक करण्यास सुरुवात केली असेल तर पुढे जाण्यास मनाई होती. पुढच्या चालकाने खूण केलेली असावी, अशीही अट होती. २०१७ मध्ये या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. त्यांत पुढे जाणाऱ्याने स्वतः खात्री करून घेण्यावर अधिक भर आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर कायद्याच्या विरुद्ध केलेला ओव्हरटेक मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे आणून बसवला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

अडचण येते ती खुणेच्या बाबतीत. ‘साइड देणे’ ही आपल्या रस्त्यांवरची जुनी रीत. पूर्वी ट्रकचा क्लीनर हात बाहेर काढून पुढे जाण्याची खूण करीत असे. आता ते काम इंडिकेटर करतो. पण कोणता? काही चालक ‘जा पुढे’ या अर्थी उजवा इंडिकेटर लावतात, काही डावा. नियमांनुसार उजवा इंडिकेटर म्हणजे वाहन उजवीकडे वळणार किंवा सरकणार. म्हणजे एकाच दिव्याचे दोन अर्थ, आणि ते एकमेकांच्या नेमके विरुद्ध. शेताकडे, वस्तीकडे, पेट्रोलपंपाकडे उजवीकडे वळणाऱ्या वाटा ज्या रस्त्याला पावलोपावली फुटतात, तेथे या गोंधळाची किंमत मोठी असते. मोटारचालक वळण्यासाठी इंडिकेटर लावतो, स्वार त्याला निमंत्रण समजतो, आणि मोटार वळते त्याच क्षणी दुचाकी तिच्या उजव्या दाराशी असते. नियमाने अशा वेळी उजवीकडून जायचेच नसते. उजवीकडे वळण्यासाठी मोटार रस्त्याच्या मध्यावर आली असेल, तर डावीकडून पुढे जाण्याची मुभा आहे. एरवी साइडपट्टीच्या मुरुमावरून डावीकडून घुसणे चूकच.

उसाच्या ट्रॉलीमागची मोटार तर आणखी एका कारणाने धोक्याची. तिचा चालकही संधी शोधत असतो. त्याची नजर समोरच्या एसटीवर, स्वाराची नजरही त्याच एसटीवर. एसटी गेली की दोघे एकदमच उजवीकडे येतात. दुचाकी मोटारीच्या शेपटीला चिकटून असेल, तर ती आरशात दिसतेच असे नाही. त्यातच दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर साधारण पंधरा-सोळा मीटर लांब. मोटार आणि ट्रॅक्टर एका दमात मागे टाकू पाहणारा स्वार अर्ध्यात आला, की परतायला जागा नसते. रात्री परिस्थिती अधिकच बिकट. समोरून येणारा एकच दिवा दुचाकीचा की एक दिवा गेलेल्या ट्रॅक्टरचा, हे कळेपर्यंत ते नऊ सेकंद संपलेले असतात.

जबाबदारी सगळी दुचाकीस्वाराची, असे मात्र नाही. आपल्याला कोणी ओव्हरटेक करीत असताना वेग वाढवू नये, त्याची वाट अडवू नये, हा नियम मोटारचालकासाठी आहे. शंभर सीसीची गाडी आपल्या पुढे जाते हे सहन न होणारे चालक थोडे नाहीत. स्वार बरोबरीला आला की त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर पडतो, वेगातील फरक शून्यावर येतो, आणि नऊ सेकंदांचे गणित कोसळते. अपघातानंतर हा भाग सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. मोटारीचा पुढे गेलेला वेग पंचनाम्यात दिसत नाही. रेषेच्या उजवीकडे पडलेली दुचाकी तेवढी दिसते.

आणि खरा परिणाम तेथूनच सुरू होतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कलम १६६ खाली भरपाई मागायची, तर दुसऱ्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. स्वाराचाही दोष निघाला तर त्याच्या वाट्याइतकी रक्कम कापली जाते; संपूर्ण दोष त्याचाच ठरला, तर समोरच्या वाहनाच्या विम्यातून त्याच्या कुटुंबाला काही मिळणे अवघड. वाहनमालकाने स्वतःसाठी घेतलेले १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण तेवढे उरते, तेही चालवणारा स्वतः मालक असेल आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तर. मित्राची गाडी मागून घेतलेल्या मुलाच्या घरच्यांना हा फरक बहुधा फार उशिरा समजतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल येथे उपयोगी पडतात. एप्रिल २०१८ मधील निशान सिंग प्रकरणात पुढचा ट्रक अचानक थांबला आणि दहा-पंधरा फुटांवरून मागे येणारी मोटार त्यावर आदळली. न्यायालयाने दोष मोटारचालकाचाच मानला आणि सुरक्षित अंतर म्हणजे अनुकूल परिस्थितीत किमान दोन-तीन सेकंदांचे, असे सांगितले. ताशी ५० च्या वेगाला दोन सेकंद म्हणजे २८ मीटर. ओव्हरटेकसाठी टपलेला कोणता स्वार एवढा मागे असतो? उलट जानेवारी २०२० मधील मोहम्मद सिद्दिक प्रकरणात मोटारसायकलवर तिघे होते. नियमभंग झाला होता, पण मागून आलेल्या मोटारीने धडक दिली, त्याचा तिघे असण्याशी कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. म्हणून भरपाईतील कपात न्यायालयाने रद्द केली. नियमभंग आणि अपघात यांचा संबंध दाखवावा लागतो, हे त्याचे सार. ओव्हरटेकच्या अपघातात मात्र हा संबंध शोधावा लागत नाही. उजव्या मार्गिकेत असणे हेच अपघाताचे कारण असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण मृत्युमुखी पडले, त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. यांतील किती ओव्हरटेक करताना गेले, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. वर्गवारीत अतिवेग, चुकीच्या बाजूने वाहन चालवणे असे रकाने आहेत; ओव्हरटेकचे बळी त्यांतच विखुरलेले असणार. परवान्याच्या चाचणीतही आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. ताशी ५० ने जाणाऱ्या मोटारीमागे थांबायचे की निघायचे, याची परीक्षा कोणी घेत नाही. ज्या रस्त्यांवर पुसट झालेल्या रेषा वर्षानुवर्षे पुन्हा मारल्या जात नाहीत, तेथे अखंड आणि तुटक रेषेतला फरक स्वाराने ओळखावा ही अपेक्षाही जरा जास्तच. ओव्हरटेकला मनाई करणारी पाटी वळणाच्या अलीकडे पुरेशा अंतरावर लागली आणि रेषा दरवर्षी पावसाळ्यानंतर, हंगाम सुरू होण्याआधी मारल्या गेल्या, तर खर्च फारसा येत नाही. ट्रॉलीला मागे परावर्तक बसवण्याची सक्ती कारखान्याच्या वजनकाट्यावरच तपासली, तर पोलिसांना रस्त्यावर उभे राहण्याचीही गरज नाही.

तोपर्यंत स्वाराच्या हाती राहते ते एकच. पुढे काय आहे हे पाहण्यासाठी तो मोटारीच्या जवळ जातो. पण जवळ गेल्याने दिसते ती मोटारीची मागची काचच. दोन-तीन सेकंदांचे अंतर ठेवून मागे राहिले, तर मोटारीच्या बाजूने रस्ता दूरवर उलगडतो, मोटारचालकाला आरशात दुचाकी दिसते, आणि निघायचे ठरले तर वेग डाव्या बाजूला असतानाच वाढवता येतो. तरीही जागा मिळाली नाही, असे समजू. ट्रॉलीमागे तीन किलोमीटर ताशी २५ ने जावे लागले, तर ताशी ५० च्या तुलनेत स्वार कोरेगावच्या स्टँडवर साडेतीन मिनिटे उशिरा पोहोचतो.